भिंतीवरची साय

४ सप्टेंबर

पोचलो बाई एकदाचे! स्पोकेनपासून ओरेगनच्या या किनाऱ्यापर्यंत गाडी हाकून कंबरेचा पार भुगा झालाय. पण आत्ता मी पायरीवर बसून लिहितेय आणि समोर बर्डी गवतात लोळतेय, तेव्हा कंबर गेली खड्ड्यात. सात वर्षांची माझी पोर, आणि गवत तिने आजवर बहुतेक खिडकीतूनच पाहिलंय. चार उड्या मारल्या की छातीत शिटी वाजायला लागते. मग पंप, मग वाफेचं मशीन, मग मी तिच्या छातीशी कान लावून बसलेली. स्पोकेनच्या डॉक्टरीणबाईंनी शेवटी स्पष्टच सांगितलं, की औषधं वाढवण्यात अर्थ नाही, घर बदला. गालिचे, सुगंधी मेणबत्त्या, फवारे, कपड्यांना वास लागावा म्हणून ड्रायरमध्ये टाकायचे ते कागद, आणि मी मोटेलातून अंगावर घेऊन येते ते ब्लीच, हे सगळं ही पोर श्वासाबरोबर गिळतेय. मोटेलात खोल्या साफ करण्यात माझा अर्धा जन्म गेलाय. ऐकून मला इतका राग आला, की बाईंच्या टेबलावरचा सुगंधी फुलांचा वाडगा उचलून त्यांच्याच डोक्यात घालावासा वाटला.

असो. या गल्लीत विष आणायला बंदी आहे. विष म्हणजे दुकानातलं ज्याला ज्याला वास येतो ते सगळं. भिंती मातीच्या लेपाच्या, जमीन साध्या लाकडाची, प्लास्टिक औषधाला नाही. आमचं घर गल्लीच्या अगदी टोकाला आहे. शेजारच्या घरात मालकीणबाई राहतात, लिओना. साठी उलटलेली, पाठीवर पांढरी वेणी, हात शेतकरणीसारखे. गाडीतून उतरताच तिने मला नमस्कार-चमत्कार काही केलं नाही. सरळ बर्डीसमोर गुडघ्यावर बसली आणि तिला विचारलं, की काय गं चिमणे, तुझी शिटी कधी वाजते? धावल्यावर, हसल्यावर की रडल्यावर? बर्डी म्हणाली, तिन्ही वेळा. लिओना म्हणाली, माझ्या एमिलचं पण अस्संच होतं. एमिल हा तिचा मुलगा. त्याच्यासाठीच तिने ही गल्ली वसवली म्हणे. आता तो तिशी ओलांडलेला बाप्या आहे आणि लहानपणानंतर त्याला साधं पडसंही झालेलं नाही. मी विचारलं, कुठे असतो? तर म्हणाली, घरीच, फार घरकोंबडा आहे.

मग पेटीचा कार्यक्रम झाला. नवं कुटुंब आलं की अंगणात एक लाकडी पेटी ठेवतात आणि सामानातलं सगळं विष त्यात टाकायचं. शेजारीपाजारी आपापली कॅसरोलची भांडी घेऊन जमलेले. मी एकेक बाटली टाकत गेले आणि हे लोक टाळ्या वाजवत गेले! काच पुसायचा फवारा, टाळ्या. केसांचा स्प्रे, टाळ्या. गाडीच्या आरशाला लटकणारं पाइनच्या वासाचं पुठ्ठ्याचं झाड, त्यावर तर शिट्ट्या. लाजून चूर झाले मी. उद्या पेटी जाईल काउंटीच्या घातक कचऱ्यात.

एक बाटली मात्र दिली नाही. गाडीत स्टेपनीखाली ब्लीचची एक बाटली कायम ठेवायची, ही माझ्या आईची शिकवण. परक्या ठिकाणी अंथरुणावर पडण्याआधी सगळं पुसून घ्यावं म्हणून. आईही मोटेलातलीच. शाळेतून आल्यावर त्या वासावरून मी तिला शोधून काढायचे. घरात नाही नेणार मी ती बाटली, नुसती असू दे तिथे.

७ सप्टेंबर

आज लिओना 'माय' घेऊन आली. शी शी शी!

मोठी काचेची बरणी, तिच्यात गढूळ चहासारखं आंबट पाणी आणि वर तरंगणारा जाड, फिकट पिवळट, लिबलिबीत गोळा. खालून तपकिरी दोरे लोंबताहेत. व्हिनेगरवर जशी बुरशीसारखी साय धरते ना, तेच, पण तळहाताएवढ्या जाडीचं. लहानपणी गरम कोकोवर आलेली साय मी बोटाने काढून गुपचूप भिंतीला पुसायचे आणि आईचे धपाटे खायचे. ती साय चुकून ओठाला लागली तरी मला उलटी व्हायची. आणि इथे अख्खी बरणीभर.

नव्या घराला जुन्या घरातल्या गोळ्याचा तुकडा द्यायचा, अशी इथली पद्धत. हा तुकडा एमिलच्या खोलीतल्या बरणीतला आहे, असं लिओनाने फार मायेने सांगितलं. त्याला गोड चहा पाजायचा. वरचं आंबट पाणी गाळून त्याने जमीन पुसायची, भिंती पुसायच्या, आंघोळीच्या पाण्यात घालायचं आणि बर्डीला रोज सकाळी चमचाभर द्यायचं. मी म्हटलं, भिंती कशाला? तर म्हणाली, अगं पोरी, घराने श्वास घेतला तरच आतलं माणूस घेईल. रंग फासून लोक घराचं नाक दाबतात.

बर्डीने बरणीत बोट घातलं आणि गोळ्याला गुदगुल्या केल्या. मी सिंककडे धावले. लिओना हसत सुटली. म्हणाली, आया सगळ्या पहिल्यांदा ओकतात, मुलं कधीच ओकत नाहीत.

आईला फोनवर सांगितलं, तर तिने माझी बिनपाण्याने केली. व्हिनेगर सॅलडवर घालतात बयो, फरशीवर नाही. तिथले लोक अंघोळ तरी करतात का गं? की एकमेकांना आंबवतात? मला हसू आवरेना.

१६ सप्टेंबर

काय लिहू, कसं लिहू! बर्डी आज शाळेच्या बसमागे पळाली. बस चुकली होती आणि ही दप्तर पाठीवर आपटत सुसाट. मी पंप घेऊन मागे. ती बसपाशी पोचली, वळली, मला हात केला आणि चढली. शिटी नाही, खोकला नाही, ओठ निळे नाहीत. मीच रस्त्यात वाकून धापा टाकत होते. ड्रायव्हरने मला विचारलं, की बाई, पंप कोणाचा आहे, तुमचा का?

पंप आता ड्रॉवरमध्ये पडून असतो. मशीनवर धूळ बसलीये. धूळ म्हणजे अंगावर काटा यायचा माझ्या, आणि आज मी तिच्यावर बोटाने बर्डीचं नाव लिहिलं.

भिंती पुसायचं काम मी मनापासून करते. आंबट पाण्याचा वास अजून डोक्यात जातो, पण मातीचा लेप पाणी कसा घटाघट पितो ते बघायला बरं वाटतं. बर्डीच्या खोलीची भिंत सगळ्यात जास्त पिते. तिच्या पलंगामागे तर हात लावला की ऊबही लागते. लिओनाला सांगितलं, तर तिचे डोळे पाण्याने भरले. म्हणाली, रुजलं म्हणायचं. मी तिच्या गळ्यात पडून रडले. माझ्या मुलीला कोणी असं दान दिलं नव्हतं.

२९ सप्टेंबर

आजचा दिवस किळसवाणा. लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

टबमधलं पाणी उतरेना. मोटेलात मी हजार नळ्या साफ केल्यात, केस, साबण, नको नको ते काढलंय. तारेचा आकडा घातला आणि ओढला. हाताला लागलं ते गार, मऊ, बुळबुळीत. साय. ओढतेय, ओढतेय, संपतच नाही. टॉवेलएवढी झाली, चादरीएवढी झाली. घडी पडलेली, मध्ये मध्ये केस अडकलेले, बर्डीचा दुधाचा दात अडकलेला. आणि दुसऱ्या टोकाने कोणीतरी हलकेच परत ओढलं. म्हणजे तसं वाटलं. मी ओरडून सोडून दिली, तर सळसळत आत गेली.

लिओना आली तेव्हा मी ओकून ओकून बसले होते. ती माझ्यावर चिडलीच. आधी विचारून नाही का घ्यायचं, म्हणाली, कोणाचं आतडं असं ओढतात का? फुटलं असतं म्हणजे? पाणी सावकाश जाईल, घाई कसली आहे. मग टबाच्या कडेवर बसून तिने नळीत चहा ओतला. कोमट आहे ना, ते मनगटावर थेंब टाकून पाहिलं आणि मग ओतला.

खिडक्यांच्या काचांना आतून पातळ पापुद्रा आलाय. नखाने खरवडला तर नखाखाली राहिला. अजून वास येतोय बोटाला. पण बर्डी आज झाडावर चढली! झाडावर! त्यापुढे माझं नख काय घेऊन बसलेय मी?

८ ऑक्टोबर

बर्डीला शिंक आली, सकाळी, नाश्त्याच्या टेबलावर. मी रुमाल दिला. तिने नाक शिंकरलं आणि रुमाल मला परत दिला, लहान मुलं देतात तसा. आत शेंबूड नव्हता. पापुद्रा होता. नीट घडी घातलेला, ओला, पांढरट. उलगडला तर माझ्या तळहाताएवढा झाला. दोन नळ्या आणि त्यांना फुटलेले बारीक फाटे, असा त्याचा आकार. डॉक्टरीणबाईंच्या भिंतीवर फुप्फुसाचं चित्र होतं. तस्साच.

तिची जीभ बघितली. पांढरी, जाड, गुळगुळीत. चमच्याने खरवडायला गेले तर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, मम्मा, ती माझी आहे.

पाव खाल्ला नाही तिने. गोड चहा प्यायली, मोठा मग भरून.

चमचा बंद केला आजपासून. लिओनाला सांगितलं नाही. स्पोकेनला फोन लावला. नर्स म्हणाली, बुरशीचा प्रकार दिसतोय, आणा तिला. पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली.

११ ऑक्टोबर

रविवार. सकाळचं छान ऊन. बर्डी अजून उठली नव्हती म्हणून तिच्याजवळ आडवी झाले. सवयीने छातीला कान लावला.

काही ऐकू आलं नाही.

शिटी नाही, घरघर नाही, काहीच नाही. ठोका आहे, पण श्वास नाही. छाती हलत नाही. नाकाशी बोट धरलं, वारा नाही. मी तिला गदागदा हलवलं. तिने डोळे उघडले, जांभई दिली आणि विचारलं, की आज पॅनकेक करणार का?

बोलताना छाती थोडी वर आली. गप्प झाली की पुन्हा तशीच.

मी उठायला पलंगामागच्या भिंतीला हात टेकवला. भिंत हाताखाली फुगली. मग बसली. पुन्हा फुगली. ऊबदार, ओलसर, वरून साय. मी हात काढला तर तळव्याबरोबर एक तार निघाली, लांब, आणि तुटली तेव्हा बर्डी झोपेतल्यासारखी आई गं म्हणाली.

पॅनकेक केले. काय करणार होते? तिने खाल्ले नाहीत.

१५ ऑक्टोबर

डॉक्टरकडे निघालो. लिओना अंगणात होती. अडवलं नाही तिने. एवढंच म्हणाली, की हळू चालव, परत यायला सोपं जाईल.

नदीच्या पुलापर्यंत बर्डी गात होती. पुलावर गाणं थांबलं. आरशात बघितलं तर तोंड उघडं, डोळे मोठे. ओठ निळे. मी पंप दिला. एकदा, दोनदा, पुन्हा. औषध तोंडातून तसंच बाहेर येत होतं, आत जायला जागाच नव्हती. तोंडात सायीचा पडदा, घट्ट, ढोलासारखा. मी बोट घातलं, बोटाला तो चिकटला. ती मागच्या काचेकडे बोट दाखवत होती. घराकडे.

इस्पितळ डोंगरापलीकडे. घर अलीकडे.

वळवली गाडी. देवा, मी वळवली. गल्लीच्या तोंडाशी आलो तशी ती गुलाबी व्हायला लागली. अंगणात उतरली तेव्हा पुन्हा गाणं म्हणत होती, जिथे थांबलं होतं त्याच ओळीपासून.

लिओनाने दार उघडून धरलं होतं. म्हणाली, एका आईने ॲम्ब्युलन्स बोलावली होती. पूल ओलांडला त्यांनी. परत आली ती एकटी आईच.

१६ ऑक्टोबर

एमिलला पाहिलं.

मीच गेले. लिओनाला म्हटलं, तुझा ठणठणीत मुलगा दाखव मला, आत्ताच्या आत्ता दाखव. ती लाजल्यासारखी हसली. वर नेलं.

खोलीत पलंग नाही. भिंत आहे. भिंतीत तो आहे. अर्धा. म्हणजे पाठ कुठे संपते आणि लेप कुठे सुरू होतो ते कळत नाही. अंगावर जाड पिवळट साय, थरावर थर, कडा सुकून वळलेल्या. चेहरा स्वच्छ ठेवते ती, ओल्या फडक्याने. दाढी करते. केस विंचरते. तोंडाशी चहाची नळी. खोलीभर तोच आंबट दर्प, डोळ्यांत पाणी आणणारा. खाली जमिनीवर काहीतरी गळत होतं, आणि त्याखाली बरणी ठेवली होती.

त्याच बरणीतला तुकडा. आमचा.

त्याने डोळे उघडले. ओळख करून दिली तिने, ही कोरा, बर्डीची आई. तो हसला. दातांवरही साय.

लिओनाने अभिमानाने सांगितलं, की याला एकदा तरी खोकला झालाय का विचार? म्हणाली, किळस ही पण सवयच असते गं पोरी. मला सहा महिने लागले. तुझं पोर जिवंत आहे ना? आया एवढंच तर मागतात.

तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही. जिन्यात ओकले. माझं ओकणं तिनेच पुसलं. त्याच आंबट पाण्याने.

२० ऑक्टोबर

ब्लीच काढलं आज. स्टेपनीखालून. झाकण उघडल्यावर तो वास आला आणि रडू फुटलं, इतका ओळखीचा.

बर्डी अंगणात, मी तिच्या खोलीत. फडक्याच्या टोकाला थेंबभर घेतलं. पलंगामागची भिंत, कोपऱ्यात, नखाएवढी जागा. लावलं.

साय आक्रसली. करपट वास. खाली कोरडी, साधी माती दिसली. आनंदाने —

अंगणातून किंकाळी.

तिच्या पाठीवर, डाव्या खांद्याखाली, नखाएवढा भाग जळलेला. पांढरा पडून सोललेला. मी भिंतीवर लावलं होतं तिथेच, त्याच उंचीवर. भिंत फुगेना, धापा टाकत होती. बर्डीही. लिओना धावत आली, चहा ओतला भिंतीवर, मांडीवर घेतलं तिला. माझ्याकडे बघितलंही नाही.

बाटली ओतून द्यायची कुठे? सिंकमध्ये? नळीत? अंगणातल्या मातीत? सगळीकडे तेच पसरलंय. झाकण घट्ट लावून परत स्टेपनीखाली ठेवली. दुसरं काही सुचलं नाही.

२४ ऑक्टोबर

शाळा बंद. बसपर्यंत जाववत नाही तिला. भिंतीपासून लांब गेली की ओठ निळे होतात. पाठ टेकून बसते दिवसभर. उठवलं की तारा येतात, दुधावरच्या सायीच्या — पाठीपासून भिंतीपर्यंत — ती हसते, गुदगुल्या होतात म्हणते —

चमचा बंद करून काही झालं नाही. ती आता भिंतीतून पिते.

मी तिला अजून जवळ घेते. तिच्या मानेला तो वास. मला किळस येते. माझ्या स्वतःच्या पोरीची मला किळस येते. तरी घेते. नाक बंद करून घेते.

आईला फोन केला. म्हटलं, ये. एवढंच म्हणता आलं. ती म्हणाली, बसने निघते.

२८ ऑक्टोबर

आई आली. बर्डीजवळ लिओनाला बसवलं आणि गाडीने स्टॉपवरून घेऊन आले. वाटेत सगळं सांगितलं. पूल, एमिल, भाजलेला खांदा. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, तू किती दिवस झोपली नाहीस गं?

अंगणात पेटी तयारच होती. आईच्या पिशवीतून दोन ब्लीचच्या बाटल्या, रबरी हातमोजे, पाइनचा फवारा. सगळं काढून घेतलं. आईने लिओनाला ऐकवलं, की बाई, तुमच्या घराला वास मारतोय आणि तुम्ही माझे साबण जप्त करता होय! टाळ्या वाजल्या नाहीत या वेळी.

मला हायसं वाटलं. गेल्या बाटल्या.

मग तिने बर्डीची खोली बघितली. दारातच थांबली. तोंडावर हात. बर्डीने तिथूनच हाक मारली, ग्रॅमा! पाठ भिंतीला, हात पसरलेले. आई गेली, कुशीत घेतलं, तारांसकट. तारा तिच्या स्वेटरला लागल्या. बाहेर येऊन बेसिनपाशी हात घासत राहिली. लाल होईपर्यंत. साबण नव्हता.

मी शपथ घातली तिला. काही पुसायचं नाही, काही खरवडायचं नाही, भिंतीला हातसुद्धा लावायचा नाही. भिंत म्हणजे बर्डी. आई म्हणाली, बरं बाई.

फार लवकर म्हणाली.

३० ऑक्टोबर

ऊन पडलंय. आईने मला हाताला धरून बाहेर आणून बसवलं, बर्डीच्या खोलीमागच्या बाकावर. माझं पांघरूण घातलं अंगावर. म्हणाली, जरा स्वच्छ हवा खा, अवतार बघ स्वतःचा, पोरीपाशी मी आहे ना. किती वर्षांनी कोणी असं —

पाठ भिंतीला टेकलीये. आतून बर्डी फुगतेय, बसतेय. फुगतेय, बसतेय. इकडूनही कळतं. आज किळस नाही आली. लिओनाचं खरं असेल. जिवंत आहे, एवढंच तर. तिच्याजवळ राहीन मी इथेच. चहा करीन. चेहरा पुसत जाईन.

आईचा आवाज येतोय आतून. बर्डीला गोष्ट सांगतेय मोटेलची. मी लहान असताना मलाही सांगायची, काम करता करता. बर्डी हसतेय.

झोप येतेय. छान वाटतंय. वाससुद्धा छान येतोय. कितीतरी दिवसांनी तो आंबट वास नाही. शाळेतून आल्यावर यायचा तो — स्वच्छ — पांढऱ्या चादरींचा — आई कुठल्या खोलीत आहे ते कळायचं —

आई कुठल्या —

सकाळी गाडीची किल्ली मागितली होती तिने. स्वेटर राहिलाय म्हणाली. स्वेटर तर अंगात होता — स्टेपनी — तिनेच तर शिकवलं — बाटल्या पेटीत गेल्या, पण ती —

आई नको आई थांब

भिंत फुगली. बसली. फुगली. बस